मोल की ग्रॅम? भागायचं कधी, गुणायचं कधी?

घारीमावशी
भाची यंदा अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं एकदम इंग्रजीत, तेही जमवतेय बिचारी. पण रसायनशास्त्राच्या पहिल्याच धड्यात गाडी अडलीय. मोल म्हणजे कणांचा एक ठरलेला मोठा गठ्ठा. मोलवरून वस्तुमान काढा, वस्तुमानावरून मोल काढा. क्लासमध्ये तिला एक त्रिकोण शिकवलाय: वर वस्तुमान, खाली मोल आणि मोलर वस्तुमान (एका मोलचं वजन). जे हवं त्यावर बोट ठेवायचं, उरलेल्या दोघांचं काय करायचं ते दिसतं. साधी गणितं सुटतात. प्रश्न जरा फिरवला की ही हातपाय गाळून बसते. कालचा प्रश्न असा होता: ४.९ ग्रॅम सल्फ्यूरिक आम्लात ऑक्सिजनचे अणू किती? यात बोट कशावर ठेवायचं?

माझं शिक्षण कॉमर्सचं. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'द्रव्याचे मोजमाप' नावाचा धडा आहे, तो वाचून काढला. थोडा उजेड पडला, पण तिला समजावण्याइतका नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. उत्तर नको, रीत हवी.

वाटाणा
त्रिकोणात वाईट काय आहे? आम्ही त्याच त्रिकोणावर बोर्ड काढलं, सीईटी काढली. परीक्षेत एका प्रश्नाला फार वेळ मिळत नाही, तिथे मुळापासून विचार करत बसलं तर पेपर राहतो. हलके घ्या.

खडूफळा
घारीमावशी, त्रिकोण काही दिवस कपाटात ठेवायला सांगा. तो चुकीचा नाही, पण तो एककं लपवतो. आणि या धड्यात एककं हाच खरा वाटाड्या आहे.

सल्फ्यूरिक आम्लाचं सूत्र एच२एसओ४. हायड्रोजनचे २, सल्फरचे ३२, ऑक्सिजनचे चार सोळा चौसष्ट. बेरीज ९८. आता हे ९८ सुटं लिहायचं नाही. '९८ ग्रॅम प्रति मोल' असंच लिहायचं, दर वेळी, कंटाळा आला तरी. म्हणजे ४.९ ग्रॅमला ९८ ग्रॅम प्रति मोलने भागलं की ग्रॅमला ग्रॅम कटतो, मोल उरतो. ०.०५ मोल. चुकून गुणाकार केला तर 'ग्रॅम वर्ग प्रति मोल' असलं भूत समोर उभं राहतं, आणि ते भूत बघूनच कळतं की वाट चुकली. भागायचं की गुणायचं हे पाठ करावं लागत नाही.

आता महत्त्वाचं. ०.०५ मोल कशाचे? आम्लाच्या रेणूंचे. उत्तरापुढे 'आम्लाचे' हा शब्द लिहायचाच. मग विचारायचं, एका रेणूत ऑक्सिजनचे अणू किती? चार. म्हणून ऑक्सिजनच्या अणूंचे ०.२ मोल. त्याला एका मोलमधल्या कणांच्या संख्येने, म्हणजे ६.०२२ गुणिले १०चा २३वा घात याने गुणलं की १.२०४ गुणिले १०चा २३वा घात इतके अणू. तीन पायऱ्यांपैकी त्रिकोण फक्त पहिली चढवतो. तुमची भाची अडते ती दुसऱ्या पायरीवर, आणि तिथे अडणाऱ्यांना मी बरीच वर्षं बघत आलोय. त्यांचं गणित कच्चं नसतं. 'मोल कशाचे' हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसतो.

वाटाणा
बरं, भूत आवडलं. पण मग 'ऑक्सिजनचा एक मोल' म्हणजे १६ ग्रॅम की ३२? आमच्या वेळी सरांनी दोन्ही बरोबर धरलं होतं!

खडूफळा
प्रश्नच अर्धवट आहे, सरांनी दया दाखवली. ऑक्सिजन अणूंचा मोल १६ ग्रॅम, ऑक्सिजन रेणूंचा मोल ३२ ग्रॅम. बाटलीतला वायू म्हटलं की रेणू धरायचे. मिठाची गंमत आणखी वेगळी. सोडियम क्लोराइडच्या खड्यात सुटे रेणू नसतातच, आयनांची जाळी असते. तरी आपण ५८.५ ग्रॅम मिठाला एक मोल म्हणतो, कारण मोजणी 'एनएसीएल' या सूत्राच्या एका जोडीची आहे. हेच मीठ पाण्यात विरघळलं की एक मोल मिठातून दोन मोल आयन होतात, एक मोल सोडियमचे, एक मोल क्लोराइडचे. 'कशाचे' हे लिहिलं असेल तर गोंधळ होत नाही.

शेवग्याचीशेंग
मी माझ्या मुलाला डझनावर समजावलं होतं. बारा केळी एक डझन, तसे इतके इतके कण एक मोल. डझनभर केळी आणि डझनभर कलिंगडं यांचं वजन वेगळं, संख्या एकच. पटकन समजलं त्याला. तेच सांगा की.

घारीमावशी
डझन सांगून झालं. तर भाचीचा उलटा प्रश्न: मावशी, डझनाचं वजन बारा ग्रॅम कुठे असतं? मग मोलमध्ये कार्बनचं अणुवस्तुमान १२ आणि मोलचं वजनही १२ ग्रॅमच, हे कसं जुळून येतं? मी निरुत्तर.

खडूफळा
भाची हुशार आहे. हा प्रश्न वर्गात क्वचितच कुणी विचारतं.

जुळून आलेलं नाही, जुळवलेलं आहे. अणुवस्तुमान हे गुणोत्तर आहे. कार्बन-१२चा अणू १२ धरला तर ऑक्सिजनचा अणू साधारण १६ येतो, म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू कार्बनच्या अणूच्या १६ भागिले १२ पट जड. आता १२ ग्रॅम कार्बन घ्या. त्यात जितके अणू आहेत तितकेच ऑक्सिजनचे अणू गोळा केले, तर त्यांचं वजन किती? दर अणूमागे १६ भागिले १२ पट, म्हणजे १६ ग्रॅम. लोह ५६, म्हणून तितकेच लोहाचे अणू ५६ ग्रॅम. बघा, इथवर ते महाकाय आकडे कुठे लागलेच नाहीत. 'जितके' ही संख्या किती आहे हे माहीत नसतानाही ग्रॅमचं मोल करता येतं.

ताम्रपट
खडूफळा सरांच्या शेवटच्या वाक्याला इतिहासाची साक्ष आहे. इटालियन शास्त्रज्ञ ॲव्होगॅड्रोने १८११ साली मांडलं की समान तापमानाला आणि दाबाला सगळ्या वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. किती असते हे त्याने कधीच सांगितलं नाही. १८५६ला तो वारला. १८६०ला जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कानिझारोने त्याचीच कल्पना धरून अणुभारांचा घोळ निस्तरला. कणांच्या संख्येचा पहिला बऱ्यापैकी अंदाज १८६५ला लोश्मिटने बांधला, आणि एका मोलमधल्या कणांच्या संख्येला 'ॲव्होगॅड्रोची संख्या' हे नाव दिलं १९०९ला पेरँने. म्हणजे ज्याच्या नावाने मुलं घोकतात, त्याला तो आकडा ठाऊकच नव्हता.

पुढची गंमत अगदी अलीकडची. २० मे २०१९पासून मोलची व्याख्या बदलली. आधी '१२ ग्रॅम कार्बन-१२मध्ये जितके अणू तितके कण' अशी होती. आता संख्याच पक्की केली: ६.०२२१४०७६ गुणिले १०चा २३वा घात, बरोब्बर, पुढे काही नाही. आणि १२ ग्रॅम हे आता मोजून काढायचं प्रकरण झालं. फरक इतका बारीक की अकरावीच्या कुठल्याही गणितात तो दिसायचा नाही.

वाटाणा
ताम्रपट, हा प्रतिसाद परीक्षेत लिहिला तर किती मार्क? वाखु (वाचनखूण) मात्र साठवली आहे.

ब्युरेट
उशिरा आलो. एका औषध कंपनीत क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणीत) आहे, दिवसभर हेच करतो, म्हणून दोन शब्द.

'मोल कशाचे' हे वहीत चुकलं तर मार्क जातो. आमच्याकडे चुकलं तर अख्खा दिवस जातो. बारावीच्या प्रॅक्टिकलचंच उदाहरण घ्या. पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनला (एका द्रावणावरून दुसऱ्याची तीव्रता काढायला) ऑक्झॅलिक आम्लाचं ०.१ मोलर द्रावण लागतं, २५० मिली. हिशोब सोपा: ०.१ मोल प्रति लिटर गुणिले ०.२५ लिटर, ०.०२५ मोल. आता ग्रॅम किती? सूत्रावरून मोलर वस्तुमान ९० येतं, म्हणून २.२५ ग्रॅम तोलायचं?

नाही. बाटलीतले पांढरे खडे म्हणजे नुसतं ऑक्झॅलिक आम्ल नसतं. प्रत्येक रेणूसोबत स्फटिकजलाचे दोन रेणू असतात. मोलर वस्तुमान १२६. तोलायचं ३.१५ ग्रॅम. २.२५ तोललं तर द्रावण ०.१ ऐवजी सुमारे ०.०७१ मोलर होतं, आणि मग परमँगनेटची तीव्रता चुकीची, तिच्यावर आधारलेलं पुढचं सगळं चुकीचं. आमच्याकडे नवीन ट्रेनी आला की मी त्याला पहिल्यांदा फॉर्म्युला विचारत नाही, बाटली फिरवून लेबल वाचायला लावतो. त्यावर 'डायहायड्रेट' लिहिलेलं असतं, खाली मोलर वस्तुमान लिहिलेलं असतं, शुद्धता लिहिलेली असते. वहीतल्या सूत्रापेक्षा लेबल खरं.

धुण्याचा सोडा हा तर नमुनाच आहे. सोडियम कार्बोनेट १०६, पण दहा पाण्यांसकट २८६. म्हणजे खड्यांचा एक किलो आणला तर त्यात सोडियम कार्बोनेट जेमतेम ३७० ग्रॅम, बाकी पाणी.

गोदाकाठ
मी द्राक्षवाला, निफाडकडचा. बारावी सायन्सपर्यंत शिकलो, मग बाग. धागा वाचून एक जुनी शंका वर आली.

छाटणीनंतर डाऊनी (केवडा) रोगाच्या भीतीने आम्ही बोर्डो मिश्रण मारतो. १ टक्का म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपात भिजवायचं, मग एकत्र ओतायचं. शेवटी विळ्याचं पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा राहिलाय, चुन्याची निवळी आणखी घालायची. वडील असंच करायचे, मीही करतो. प्रश्न असा, की किलोला किलो हे बरोबर कसं? मोलने बघितलं तर दोन्ही सारखे होतात का?

ब्युरेट
गोदाकाठ, अहो हाच तर परीक्षेचा प्रश्न आहे, फक्त पिंपातला. करून बघू.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, निळा, पाच पाण्यांसकट. मोलर वस्तुमान साधारण २५०. एक किलो म्हणजे ४ मोल. कळीचा चुना कॅल्शियम ऑक्साइड, ५६. एक किलो म्हणजे जवळजवळ १८ मोल. मोलला मोल धरलं तर ४ मोल चुना पुरतो, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. तुम्ही चौपटीहून जास्त घालताय.

पण थांबा, उद्यापासून चुना सव्वादोनशे ग्रॅमवर आणू नका! बाजारातला चुना शुद्ध नसतो, त्यात खडे आणि माती असते. आणि कळी पोत्यात उघडी राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा खाऊन हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होते. ५६ ग्रॅम चुन्याचे १०० ग्रॅम कार्बोनेट होतात. म्हणजे पूर्ण मेलेल्या चुन्याच्या एक किलोत मूळ चुना ५६० ग्रॅमचाच, आणि तोही आता कामाचा नाही. काटा किलोच दाखवतो, मोल कुठे गेले ते दाखवत नाही. शिवाय इथे दोन्ही बाजूंची चूक सारखी नाही. चुना कमी पडला तर मोकळं तांबं कोवळी पानं जाळतं. जास्त झाला तर पानं वाचतात, फक्त तांबं सावकाश सुटतं. म्हणून जुन्या लोकांनी मोकळ्या हाताने चुना घातला. विळ्याची परीक्षाही अस्सल रसायनशास्त्र आहे: लोह तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, ते द्रावणात उतरतं आणि तांबं पात्यावर बसतं. सोबत पीएच कागद वापरा, आणि प्रमाण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीचंच ठेवा.

घारीमावशी, भाचीला सांगा, 'मर्यादी अभिक्रियाकारक' म्हणून जो प्रकार येणार आहे तो हाच. दोघांचे ग्रॅम सारखे, पण आधी संपणार मोरचूद.

गोदाकाठ
मेलेला चुना! आमच्याकडे अगदी हाच शब्द आहे. कळी पाण्यात टाकली आणि उकळी फुटली नाही तर वडील ती परत करायचे. आता कळलं का.

शेवग्याचीशेंग
मी कृषी सेवा केंद्र चालवतो. अवांतर वाटेल, पण 'कशाचे' यावरून डीएपी खताची गोणी आठवली. गोणीवर १८:४६ असतं. शंभरातले निम्मे शेतकरी समजतात की शंभर किलोत ४६ किलो फॉस्फरस. तो आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा आहे, जो गोणीत मुळात नसतोच, फक्त हिशोबापुरता धरलेला असतो. १४२ ग्रॅम पेंटॉक्साइडमध्ये फॉस्फरस ६२ ग्रॅम, म्हणून ४६ किलोत खरा फॉस्फरस २० किलो. नत्राचे १८ मात्र नत्राचेच. एकाच गोणीवर दोन आकडे, दोन रीती!

टेम्सवरची_सखू
इंग्लंडहून. गेल्या हिवाळ्यात बाबा इथे आले होते, तेव्हा रक्त तपासलं. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन आलं १०६. बाबांचं पुण्यात नेहमी १.२ असतं. त्यांनी आकडा बघितला आणि जेवणच सोडलं! मग कळलं की पुण्याची लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर देते आणि इथे मायक्रोमोल प्रति लिटर देतात. १.२ गुणिले ८८.४ केलं की १०६ येतं, म्हणजे काहीही बदललेलं नव्हतं.

शुगरचंही तसंच. इथला ७ म्हणजे तिकडचा १२६. पण तिथे गुणक १८. क्रिएटिनिनला ८८.४, शुगरला १८, कोलेस्टेरॉलला आणखी भलताच ३८.७. हे वेगवेगळे का, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही. या धाग्यावर उत्तर असेल असं वाटतंय.

खडूफळा
आहे की. प्रत्येकाचा मोल वेगळ्या वजनाचा, म्हणून. ग्लुकोजचा एक मोल १८० ग्रॅम, म्हणजे एक मिलिमोल १८० मिलिग्रॅम. लिटरमागे १ मिलिमोल म्हणजे लिटरमागे १८० मिलिग्रॅम. डेसिलिटर हा लिटरचा दहावा भाग, म्हणून १८. कोलेस्टेरॉलचा मोल सुमारे ३८७ ग्रॅम, त्याचे झाले ३८.७.

क्रिएटिनिनचा मोल ११३.१ ग्रॅम. इथे उलट दिशेने जायचंय आणि मायक्रोमोल हवेत. १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम. भागिले ११३.१, ०.०८८४ मिलिमोल, म्हणजेच ८८.४ मायक्रोमोल. शुगर आणि कोलेस्टेरॉलच्या गुणकाने गुणल्यावर मिलिग्रॅम मिळतात, क्रिएटिनिनच्या गुणकाने गुणल्यावर मोल. एककं लिहिली नाहीत तर इथे घोटाळा ठरलेला.

टेम्सवरची_सखू
दंडवत! बाबांना हा प्रतिसाद वाचून दाखवते. ते निवृत्त अकाउंटंट आहेत, ताळा जुळला की खूश होतील.

घारीमावशी
सगळ्यांचे आभार. काल रात्री भाचीने धागा पूर्ण वाचला. सल्फ्यूरिक आम्लाचं गणित तिने एककं लिहून पुन्हा केलं, आलं बरोबर. आता तिला एक शंका आहे: क्लोरीन ३५.५ का घेतात? बाकीचे आकडे पूर्णांक, हाच अर्धा का? ३६ करून टाकलं तर चालेल का?

खडूफळा
नाही चालणार. निसर्गातल्या क्लोरीनमध्ये ३५चे अणू आणि ३७चे अणू मिसळलेले असतात, साधारण तीनास एक. सरासरी ३५.५ पडते. ३६ घेतलं तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा मोल ३६.५चा ३७ होतो, म्हणजे शंभरात सव्वापेक्षा जास्त चूक. बाकीच्या बहुतेकांना पूर्णांक चालतात कारण ते पूर्णांकाच्या फार जवळ आहेत. तांब्याचे मात्र ६३.५ घ्यायचे. आणि प्रश्नपत्रिकेत अणुवस्तुमान दिलेलं असेल तर तेच वापरायचं, स्वतःचं आणायचं नाही.

ब्युरेट
भाचीला माझ्याकडून एक गणित. ५ ग्रॅम मोरचूद बशीत तापवला. निळा रंग जाऊन पांढरी भुकटी झाली, तोलली तर ३.२ ग्रॅम. एका कॉपर सल्फेटमागे पाणी किती, हे पाच आहे असं आधी न धरता काढायचं.

घारीमावशी
तिचं उत्तर जसंच्या तसं टंकतेय: "उडून गेलेलं पाणी १.८ ग्रॅम. भागिले १८ ग्रॅम प्रति मोल, ०.१ मोल पाणी. उरलेलं कॉपर सल्फेट ३.२ ग्रॅम. भागिले १५९.५ ग्रॅम प्रति मोल, ०.०२ मोल कॉपर सल्फेट. ०.१ भागिले ०.०२, पाच. पण कॉलेजात आम्ही हा प्रयोग केला तेव्हा भुकटी पूर्ण पांढरी झाली नव्हती आणि ३.५६ ग्रॅम भरली होती. तेव्हा काय झालं असेल?"

ब्युरेट
वा! ५ मधून ३.५६ गेले, १.४४ ग्रॅम पाणी उडालं, म्हणजे ०.०८ मोल. ०.०२ने भागलं की चार. पाच पाण्यांपैकी चार तुलनेने लवकर सुटतात, पाचवं घट्ट बसलेलं असतं, त्याला दोनशे अंशांच्या वर न्यावं लागतं. तुमचा बर्नर मंद असणार नाहीतर वेळ कमी पडली. पुढच्या वेळी तापवा, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, तोला, परत तापवा. दोन वजनं सारखी येईपर्यंत. उघड्यावर गार करत ठेवू नका, विशेषतः पावसाळ्यात, पांढरी भुकटी हवेतलं पाणी परत ओढून घेते आणि तुमच्या डोळ्यांदेखत निळी व्हायला लागते.